पावसाळा पाहिलेला तंबोरा

दुकानात शिरलेलं गिऱ्हाईक सगळ्यात आधी भोपळ्याकडे बघतं. एकतीस वर्षं मी हे बघत आलो. भोपळा केवढा मोठा, रंग तांबूस की काळपट, त्यावर हस्तिदंतासारखी दिसणारी पांढरी प्लॅस्टिकची वेलबुट्टी आहे की नाही. मग खुंट्या बघतात. मग शेवटी कुणीतरी हळूच तारेला बोट लावतं आणि आवाज झाला की चोरी पकडल्यासारखं माझ्याकडे बघतं. मी म्हणायचो, "वाजवा हो, ते त्याच्यासाठीच केलंय."

भाईंदर पश्चिमेला, मोरव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर हसमुखभाईंचं वाद्यांचं दुकान. तिथे मी काउंटरवर होतो, आणि काउंटरच्या मागे एक माणूस कसाबसा बसेल एवढ्या जागेत दुरुस्तीही करत होतो. पेटी, तबला, सतार, गिटार, सगळं विकलं. पण माझा जीव तंबोऱ्यात. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली तेव्हा काउंटर सोडला. आता भाईंदर पूर्वेला, इंद्रलोक वसाहतीतल्या आमच्या फ्लॅटच्या खिडकीत बसून जुन्या ओळखीच्या लोकांची वाद्यं तेवढी बघतो. संपादकांनी विचारलं, तंबोरा घेताना काय बघावं यावर लिहाल का. म्हटलं लिहितो, पण त्यात माझी एक लबाडी येईल, ती कापायची नाही. ते हो म्हणाले, म्हणून हे लिहितोय.

ज्यांचा गाण्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. तंबोऱ्यावर गाणं वाजत नाही. चार तारा, त्या एकामागून एक छेडत राहायच्या, बस्स. गाणाऱ्यानं घर बांधायचं ते या आवाजाच्या जमिनीवर. भोपळ्याच्या तोंडावर लाकडाचं झाकण असतं, त्यावर हाडाची एक बुटकी पट्टी उभी असते, तिला घोडी म्हणतात. तारा तिच्यावरून जातात. घोडीच्या पाठीला कानशीनं इतका बारीक उतार द्यायचा की तार तिथे धड टेकलेलीही नसावी आणि धड सुटलेलीही नसावी. मग तारेखाली सुताचा एक धागा सरकवायचा. तो नेमक्या जागी पोचला की मघापर्यंत 'टण्ण' वाजणारी तार एकदम मधमाश्यांच्या पोळ्यासारखी गुणगुणायला लागते. याला जवारी म्हणतात. मी पोटापाण्यासाठी जे केलं ते मुख्यतः हेच. एक कानस, एक धागा आणि कान.

निवडताना काय बघावं? पहिलं म्हणजे दुकानातला पंखा बंद करायला सांगा. यावरून हसमुखभाईंची आणि माझी दर उन्हाळ्यात जुंपायची. "पाटकर, कस्टमर को पसीना छूट रहा है और तुम पंखा बंद करते हो?" मी म्हणायचो, घाम येऊ दे, कान तर उघडे राहतील. दुसरं, तंबोरा आडवा धरून एक डोळा मिटायचा आणि दांडीच्या टोकाला दुसरा डोळा लावून बंदुकीसारखं बघायचं. दांडी सरळ हवी. मधे पोट आलेलं नको, पीळ पडलेला तर नकोच. खुंटी फिरवून सोडून द्या. ती जिथे सोडली तिथेच थांबली पाहिजे. भोपळ्यावर बोटानं टिचकी मारा, सगळीकडे सारखा आवाज आला पाहिजे; कुठे भद्द वाजला तर आत किडीनं खाल्लंय किंवा सांधलंय. नक्षीकडे बघूच नका. नक्षीखाली मी काय काय लपलेलं बघितलंय ते सांगितलं तर मिरजेचे कारागीर मला गावात येऊ देणार नाहीत. आणि स्वतःचा सा लावून बघा. बायकांच्या आवाजाचा तंबोरा लहान असतो, पुरुषांचा मोठा. काळी चारच्या उंच पट्टीत गाणाऱ्या मुलीला पुरुषी तंबोरा दिलात तर तारा तुटतील, नाहीतर ती तरी.

आमच्याकडे येणारी सगळीच माणसं गाणारी नसत. मीरा रोडचा एक बिल्डर नमुन्याच्या फ्लॅटमध्ये टांगायला तंबोरा न्यायला आला. त्याला सोफ्याच्या रंगाचा हवा होता. मी तीन दाखवले, त्यानं सोफ्याच्या कापडाचा तुकडा खिशातून काढून प्रत्येकाला लावून बघितला. निघताना म्हणाला, "तार निकाल दो, बच्चे लोग हाथ लगाते हैं." मी तारा काढल्या आणि त्यांचं वेटोळं माझ्या खणात ठेवलं. एक रिटायर्ड गृहस्थ मोबाइल घेऊन यायचे, त्यातला तंबोरा लावायचे आणि माझ्या तंबोऱ्याशेजारी धरून म्हणायचे, "बघा पाटकर, फरक काय?" मी म्हणायचो, "काही नाही, फक्त तो मोबाइल आहे." दोन वर्षं ते फरक विचारत राहिले आणि शेवटी एक दिवस मुकाट्यानं तंबोरा घेऊन गेले. घरी नेल्यावर म्हणे बायकोनं विचारलं, फरक काय?

आता आमच्या दुकानाचा एक नियम सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं.

तंबोरे बनतात मिरजेला. तिथली हवा कोरडी. इथे एका बाजूला खाडी, एका बाजूला समुद्र आणि मधे मिठागरं. भाईंदरच्या हवेत पोलादी तारेला महिन्याभरात तांबेरा चढतो. लाकूड तर पाणी पितच राहतं. जे लाकूड आतून पुरतं वाळलेलं नसतं ते इथल्या पावसाळ्यात तारांच्या ताणानं वाकतं. सुरुवातीच्या वर्षांत अशा तक्रारी आल्या तेव्हा मी नियम केला. मिरजेहून नवा आलेला तंबोरा तारा चढवून, पुऱ्या ताणात, दुकानाच्या भिंतीला टांगायचा. एक पावसाळा त्यानं भाईंदरमध्ये काढायचा. ऑक्टोबरात मी डोळा लावून दांडी बघायचो. सरळ राहिली असेल तर वरच्या टोकाला, खुंट्यांच्या मागच्या बाजूला, पेन्सिलीनं एक छोटी उभी रेघ मारायची. मगच तो विकायचा. वाकला असेल तर मिरजेला परत. हसमुखभाई कपाळाला हात लावायचे. "पाटकर, ये तंबोरा है के अथाणुं? लोणच्यासारखा सालभर मुरवतोस." पण नियम त्यांनी कधी मोडायला लावला नाही. तो मोडला मी.

पंधरा वर्षं झाली असतील. मे महिना. उत्तनच्या बसमधून एक माणूस आणि त्याची मुलगी उतरून दुकानात आले. माणूस पन्नाशीचा, हाताचे तळवे फळीसारखे. त्याचं नाव बस्त्याव. उत्तनला होड्या बांधणारा सुतार. मुलगी जसिंता, अठराची. चर्चमध्ये गाता गाता तिला रागदारीची ओढ लागली होती आणि ती भाईंदरला एका बाईंकडे तीन वर्षं शिकत होती. बाई कडक. दर वर्षी गुरुपौर्णिमेला सगळ्या मुलींना गायला बसवायच्या आणि त्यातल्या चौघींनाच पुढे शिकवायच्या. बाकीच्यांना सरळ सांगायच्या, तुमचं एवढंच. जसिंताला त्यांनी म्हटलं होतं, तुझा सा हलतो, कारण तू त्या विजेवर वाजणाऱ्या तंबोऱ्याच्या डब्यावर रियाझ करतेस. खरा तंबोरा घे आणि दोन महिने त्याच्याबरोबर बस, मग बघू. घरात आई म्हणत होती, या वर्षी झालं तर झालं, नाहीतर नर्सिंगला जा. आणि बस्त्याव म्हणत होता, "बाय गाते ते माना कलत न्हाय. पन ती गाते तवा मी रंधा थांबवतो."

भिंतीवर त्या दिवशी पाच तंबोरे होते. रेघ मारलेले चारही पुरुषी. रेघेचे बायकी सगळे शाळा-क्लासच्या हंगामात गेलेले. एकच बायकी होता, मिरजेहून येऊन त्याला आठ दिवसही झाले नव्हते. मी सांगायला हवं होतं की ऑक्टोबरात या. सांगणारही होतो. पण जसिंताला नुसतं ऐकवावं म्हणून मी तो खाली काढला, धागा सरकवला आणि खर्जाची तार छेडली.

असा तंबोरा माझ्या हातून चार-पाच वेळाच गेला असेल. चांगला तंबोरा जुळला की जाड खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो. कुणी लावलेला नसतो, तो येतो. या तंबोऱ्यात तो असा आला की हसमुखभाईसुद्धा बिलबुक खाली ठेवून बघायला लागले. जसिंतानं डोळे मिटून सा लावला आणि तो त्या आवाजात जाऊन बसला. तिनं डोळे उघडले तेव्हा ते भरलेले होते. अशा वेळी नियम आठवतो, पण दूरचा आठवतो.

बस्त्याव मात्र तंबोऱ्याजवळ आला. त्यानं दांडीवरून अंगठा फिरवला. मग जिथे दांडी भोपळ्याला जोडलेली असते तिथे वाकून नाक लावलं आणि लांब श्वास घेतला. मला हसू आलं.

"शेठ, लाकूर सुकलाय ना?" तो म्हणाला. उत्तनची माणसं होडीला होरी म्हणतात, लाकडाला लाकूर आणि पावसाळ्याला पावसाला.

"शेठ ते तिकडे बसलेत," मी म्हटलं. "मिरजेचा माल आहे, बस्त्यावभाऊ. डोळे झाकून घ्या."

"वास वल्ला येतो."

"अहो, ही होडी नाही. हा काय पाण्यात जायचाय?"

जसिंता हसली. तो हसला नाही. त्यानं भिंतीवरचे बाकीचे चार तंबोरे एकेक करून मागून बघितले. "यांना मागं रेघ हाय. याला न्हाय."

"ती जुन्या मालाची खूण," मी म्हणालो.

हे खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं. एकतीस वर्षांत गिऱ्हाइकाला मी जे काही म्हटलं त्यातलं हे एक वाक्य परत घेता आलं असतं तर मी घेतलं असतं. बस्त्यावनं माझ्या तोंडाकडे बघितलं, मग लेकीच्या. तंबोरा उत्तनच्या बसमध्ये चढला.

त्या वर्षी जूनमध्ये धो धो झालं. गुरुपौर्णिमेला अकरा दिवस असताना एका सकाळी दोघं परत आले. तंबोरा चादरीत, चादरीवर होडीची निळी ताडपत्री. मी दांडीला डोळा लावला आणि काय बघायला मिळणार ते बघायच्या आधीच समजलं. मधे नखभर पोट आलं होतं आणि किंचित पीळ. नखभर म्हणजे फार वाटत नाही. पण त्यानं तारा घोडीवरून उठतात आणि जवारी मरते. मी खर्ज छेडला. पत्र्यावर काहीतरी पडल्यासारखा आवाज आला.

जसिंता रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "काका, पंधरा दिवस मला वाटत होतं माझाच सूर हललाय. मी रोज पहाटे उठून तोच सा धरत होते. काल बाई म्हणाल्या, तू मागे चाललीयस. मी पप्पांना म्हटलं, विकून टाका, मी नर्सिंगला जाते. तेव्हा पप्पांनी तो हातात घेऊन बघितला."

मला बसायला स्टूल सापडेना. एका मुलीनं पंधरा दिवस स्वतःच्या गळ्याला दोष दिला होता आणि दोष माझ्या तोंडचा होता. मी दोघांना सगळं सांगितलं. नियम काय, रेघ म्हणजे काय, ती या तंबोऱ्यावर का नव्हती. मी बस्त्याव ओरडायची वाट बघत होतो. तो शांतपणे म्हणाला, "चूक माजीबी हाय. नाकाला कललं होतं. मी तुमच्या तोंडाकं बगलं."

कुणी मला शिव्या दिल्या असत्या तर मी विसरलो असतो. हे विसरलो नाही.

मग पुढे काय, हा प्रश्न होता. रेघेचा बायकी तंबोरा दुकानात नव्हता. मी दादरपर्यंत फोन फिरवले, कुठे खात्रीचा मिळेना, आणि खात्री नसलेला द्यायची आता माझी छाती नव्हती. मिरजेला दुरुस्तीला पाठवला तर महिना गेला असता. बस्त्याव ऐकत होता. मग म्हणाला, "सरळ केला तर?"

"नाही होत हो. लाकूड आहे."

"आमी होरीची फली वाकवतो. वाकते ती सरळबी व्हते."

मी हसमुखभाईंकडे रजा मागितली. ते म्हणाले, "पाटकर, तू सेल्समन छे के डॉक्टर?" आणि मग कपाट उघडून दुकानातली सगळ्यात जुनी, खऱ्या हाडाची घोडी काढून माझ्या हातात ठेवली. ती ते कुणाला विकत नसत. ती घेऊन मी त्या दोघांबरोबर उत्तनची बस धरली.

बस्त्यावचं काम चालायचं ते किनाऱ्यालगत पत्र्याच्या शेडमध्ये. बाजूला एक अर्धी बांधलेली होडी, फासळ्या उघड्या. आम्ही तंबोऱ्याच्या तारा काढल्या, दांडी दोन ठोकळ्यांवर पालथी ठेवली. बस्त्यावनं कढईत वाळू तापवली, धोतराच्या कापडाच्या लांब पिशवीत भरली आणि ती पिशवी दांडीवर निजवली. वर जाळ्याची शिशाची वजनं एकेक करून बांधली.  तंबोरा सरसानं, म्हणजे चामड्याच्या डिंकानं जोडलेला असतो, ताव जास्त झाला तर सगळे सांधे उघडतील. मी दर दोन मिनिटांनी म्हणत होतो, "बस्त्यावभाऊ, पुरे, पुरे." शेवटी तो म्हणाला, "तुमी सरस बगा. मी लाकूर बगतो. दोगांनी एकच बगायचं न्हाय."

ही कामाची वाटणी मला फार आवडली. मी बोटानं सांधे चाचपत बसलो, तो मधून मधून वाकून नाक लावायचा. मला म्हणाला, तुम्हीही घ्या वास. मी घेतला. आधी काही कळेना. तिसऱ्या दिवशी कळलं. ओल्या लाकडाला एक हिरवट, आंबूस वास असतो, अगदी पुसट, आणि तो तापवल्यावर वर येतो. वाळलेल्या लाकडाला नुसता लाकडाचा वास येतो. एवढंच. पण हे एवढंच मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. मी कानानं आणि डोळ्यानं निवडत होतो. नाक घरी ठेवून येत होतो.

चौथ्या दिवशी दांडी सरळ झाली. मी खूश झालो. बस्त्याव म्हणाला, "अजून थोडी पलीकडं जाऊ द्या. ती येते परत जाग्याव." सहा दिवस झाले तेव्हा वजनं काढली. दांडी केसभर उलटी वाकलेली होती. तारा चढवल्या, ताण आला आणि ती सावकाश सरळ झाली. मी डोळा लावला. बस्त्यावनं दुसऱ्या टोकाला लावला. आम्ही दोघं दांडीच्या दोन टोकांना वाकलेले बघून त्याची बायको चहाचे कप घेऊन दारातच थांबली. म्हणाली, "आता दोगांचं लगीन लावा तिच्याशी."

हसमुखभाईंनी दिलेली घोडी बसवली. तिथेच शेडमध्ये, होडीच्या सावलीत बसून मी जवारी काढली. कानस मारायची, पुसायची, ऐकायची. पुन्हा. दुपारपर्यंत हेच चाललं. मग धागा सरकवला आणि तो एका जागी आल्यावर खर्जातून गंधार आला. पहिल्या दिवशी आला होता तसाच, कदाचित थोडा जास्त गोल. जसिंता क्लासहून आली, दारात चपला काढता काढता थांबली. ती आत आली नाही. तिथेच उभी राहून तिनं सा लावला, आणि तो हलला नाही.

गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमाला मी हॉलच्या मागे भिंतीला टेकून उभा होतो. बाहेर पाऊस, आत दमट. जसिंता चौथी गायला बसली. तिनं काय गायलं ते मला आजही धड सांगता येणार नाही, कारण पूर्ण वीस मिनिटं मी दांडीकडे बघत होतो. तिसऱ्या रांगेत बस्त्याव, रविवारी चर्चमध्ये मिस्साला घालायचा पांढरा शर्ट घालून. तोही लेकीकडे बघत नव्हता. एकदा त्यानं मान वळवली, मला शोधलं आणि हळूच मान हलवली. दांडी सरळ होती. कार्यक्रम संपल्यावर बाई जसिंताला एवढंच म्हणाल्या, "गुरुवारपासून सकाळी ये." गुरुवार सकाळ म्हणजे पुढच्या चौघींचा वर्ग. तिच्या आईनं नर्सिंगचं नाव पुन्हा काढलं नाही.

माझ्या खिशात पेन्सिल होती. बाहेर पायऱ्यांवर मी बस्त्यावला म्हटलं, "रेघ मारू का आता? पास झालाय."

तो म्हणाला, "आता न्हाय, पाटकर. पावसाला जाऊ दे." त्या दिवसापासून त्यानं मला शेठ म्हणणं सोडलं. ते मला बढतीसारखं वाटलं.

ऑक्टोबरात दोघं तारा बदलायला आले. दांडी सरळ. मी पेन्सिल काढली. बस्त्यावनं दांडीचा वास घेतला, विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाला, "अजून एक जाऊ दे." पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मग तो आमचा दर ऑक्टोबरचा खेळच झाला. तारा मी बदलायचो, डोळा दोघं लावायचो, पेन्सिल मी काढायचो आणि तो म्हणायचा, अजून एक पावसाला जाऊ दे. हसमुखभाई म्हणायचे, "आ लोग पागल छे." जाताना बस्त्याव सुक्या बोंबलांची पुडी काउंटरवर ठेवायचा, आणि शाकाहारी हसमुखभाई दिवसभर पंखा पूर्ण वेगात लावायचे.

तेव्हापासून मी गिऱ्हाइकांना शेवटची गोष्ट सांगतो ती ही. दांडी भोपळ्याला जिथे मिळते तिथे नाक लावा. लोक हसतात. हसू दे. आणि विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघून काही ठरवू नका. तोंड माझ्यासारख्याचं असलं तरी नको. माझ्या धंद्यानं मला जे दिलं त्यात सगळ्यात मोठं हेच, की माझी चूक एका अशा माणसाच्या हातात पडली ज्याला लाकूड सरळ करता येत होतं. दुसऱ्या कुणाच्या हातात पडली असती तर ती चूकच राहिली असती. मी बस्त्यावचा ऋणी आहे. त्याच्या समोर हे कधी म्हटलं नाही, म्हणून इथे म्हणतोय.

गेल्या उन्हाळ्यात बस्त्याव गेला. रंधा हातात असतानाच छातीत दुखायला लागलं, तासाभरात संपलं. उत्तनच्या चर्चमध्ये जसिंता गायली. मी मागच्या बाकावर होतो. आवाज हलला नाही. माझाच श्वास हलत होता.

या ऑक्टोबरात ती इंद्रलोकला आमच्याकडे एकटी आली, तीच निळी ताडपत्री गुंडाळलेला तंबोरा घेऊन. तिचा आता उत्तनला स्वतःचा क्लास आहे, कोळ्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या मुली शिकायला येतात. त्यांतली एक तंबोरा घेणार आहे, तुम्ही बरोबर या, म्हणाली. मी येतो म्हटलं. मग खिडकीपाशी बसून तारा बदलल्या. डोळ्यांना आता धूसर दिसतं, तरी दांडीला डोळा लावला. दुसऱ्या टोकाला तिनं लावला. मग तिनं वाकून सांध्याचा वास घेतला. लांब श्वास, डोळे मिटून, हुबेहूब तसाच. मला क्षणभर खिडकीबाहेर बघावं लागलं.

तिनं तंबोऱ्याचं वरचं टोक माझ्याकडे फिरवलं. खुंट्यांच्या मागे लाकूड कोरं होतं.

"काका," ती म्हणाली, "पंधरा पावसाळे झाले. आता तरी रेघ मारा."

मी टेबलावरची पेन्सिल उचलली. टोक काढलेलं होतं. ते लाकडाला टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं. रेघ मारली की काम संपणार होतं, आणि मला ते संपवायचं नव्हतं.

"अजून एक जाऊ दे," मी म्हटलं.

 मग तिनं ताडपत्री गुंडाळली, दोरीची गाठ मारली आणि दारात चपला घालता घालता म्हणाली, "बरं. मग पुढच्या ऑक्टोबरला येते."